दुसऱ्या दिवशीची गर्दी

श्रोतेहो, नमस्कार आणि जय ख्रिस्त.

योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी शब्बाथशाळेत ऐकलाय. निदान त्यातला पहिला भाग तरी. गालीलचा समुद्रकिनारा, वल्हांडण सण जवळ आलेला, आणि गर्दीत एक मुलगा. त्याच्याजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या. जव म्हणजे त्या काळचं गरिबाचं धान्य. येशूनं त्या भाकरी हातात घेतल्या, उपकारस्तुती केली आणि वाटायला सुरुवात केली. पाच हजार पुरुष जेवले, बायका-मुलं वेगळीच, आणि वर बारा टोपल्या उरल्या. मुलांना गोष्ट सांगताना आपण इथे थांबतो. मला आज त्याच्या दुसऱ्या दिवसाबद्दल बोलायचंय.

पोटभर जेवण झाल्यावर लोकांच्या मनात आलं की या माणसाला धरून राजाच करून टाकावं. नुसता विचार नव्हे, बळजबरी करायची तयारी होती. येशूला ते कळलं आणि तो एकटाच डोंगरावर निघून गेला. सकाळी लोकांनी पाहिलं तर तो तिथे नाही. मग त्यांनी होड्या गाठल्या, पलीकडे कफर्णहूमला पोहोचले आणि त्याला शोधून काढलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, काय ही भक्ती! कामधंदा सोडून, समुद्र ओलांडून माणसं गुरूच्या मागे आली. त्यांनी विचारलं, गुरुजी, तुम्ही इकडे कधी आलात? येशूनं त्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. तो म्हणाला, तुम्ही मला शोधताय ते चिन्हं पाहिलीत म्हणून नाही, तर भाकरी खाऊन तुमचं पोट भरलं म्हणून.

श्रोतेहो, हे वाक्य मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला आमच्या मंडळीतली साक्ष द्यायची वेळ आठवते. उपासना संपत आली की पाळक विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का? एक भाऊ उभा राहतो. मुलाला कंपनीत कायम केलं, प्रभूची स्तुती असो. एक ताई उभी राहते. घराचं कर्ज मंजूर झालं. आणखी कुणाचं ऑपरेशन नीट पार पडलं. सगळे आनंदानं हालेलूया म्हणतात, आणि म्हणावंच. आभार मानायला आपण शिकलोच पाहिजे. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि परत फिरून आला तो एकच, तेव्हा बाकीचे नऊ कुठे आहेत हे येशूनंच विचारलं होतं.

पण त्याच बाकांवर काही माणसं बसलेली असतात. त्यांच्या मुलाला नोकरी लागलेली नाही. त्यांच्या घरातलं माणूस उपास-प्रार्थना करूनही गेलं. आमच्या मंडळीत एक मावशी आहेत. त्यांच्या यजमानांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तालुक्याच्या गावाहून एसटीनं जायचं, संध्याकाळपर्यंत परत यायचं. सगळ्या मंडळीनं प्रार्थना केली, तरी ते गेले. त्यानंतरच्या एका रविवारी मावशी साक्षीला उभ्या राहिल्या. पदर सावरला आणि एवढंच म्हणाल्या, "मी जे मागितलं ते मला मिळालं नाही. पण प्रभू माझ्याजवळ आहे, हे सांगायला उभी राहिले." बसल्या. चर्चमध्ये कुणाला पटकन हालेलूया म्हणता आलं नाही. ही साक्ष मानायची की नाही, हेच जणू आम्हाला कळेना. इतकी आमच्या कानांना फक्त मिळकतीच्या साक्षींची सवय झाली होती.

मागणं पाप आहे, असं मी म्हणत नाही. कृपा करून असा अर्थ काढू नका. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला सप्टेंबरात जा. चढणीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी स्टॉल लागलेले असतात आणि त्यांवर मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं, मेणाची घरं मांडलेली असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय घेतो, ज्याच्या घरी पाळणा हलत नाही तो मेणाचं बाळ घेतो. ख्रिस्ती असतात, हिंदू असतात, सगळे त्या एकाच चढणीनं जातात. मी स्वतः नवस बोलणाऱ्यांतला नाही. पण मेणाचं बाळ छातीशी धरून रांगेत उभ्या असलेल्या बाईला हसण्याचा हक्क मला कुणी दिलेला नाही. तिचं दुःख खरं आहे. येशूनंही भुकेल्यांना आधी उपदेश करून उपाशी परत पाठवलं नाही. जेवू घातलं आणि मग दुसऱ्या दिवशी खरं ते बोलला. रोजची भाकर आज दे, अशी प्रार्थना त्यानंच शिकवली.

प्रश्न त्यापुढचा आहे. मागितलेलं मिळालं की येशूचं आपल्याकडचं काम संपलं का? आणि नाही मिळालं, तर त्याच्याशी आपलं नातंही संपलं का?

आता थोडं कठीण बोलतो. आजकाल मोबाइलवर, टीव्हीवर काही प्रचारक सांगतात की इतकं पेरा, प्रभू शंभरपट देईल. 'पेरा' म्हणजे त्यांच्या खात्यावर पैसे पाठवा. आणि शंभरपटीचं वचन दाखवायला मार्काचा दहावा अध्याय उघडतात. तो अध्याय तुम्ही घरी स्वतः उघडून पाहा. ज्यानं येशूसाठी घर, भाऊबहिणी, आईबाप, शेतं सोडली त्याला शंभरपट मिळेल, असं तिथे आहे खरं. पण त्याच वाक्यात, त्याच यादीत, आणखी एक गोष्ट आहे. छळ. घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, आणि सोबत छळ. हा शब्द गाळून ते वचन वाचणाऱ्या माणसाला मी देवाचा सेवक मानायला तयार नाही. गरीब विधवेच्या पर्समधले शेवटचे पाचशे रुपये असल्या वचनावर काढून घेणं हे पाप आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही.

त्याच दहाव्या अध्यायात पुढे जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान येतात. येशू नुकताच सांगून चुकलाय की यरुशलेमात आपली थट्टा होईल, फटके मारतील, जिवे मारतील. त्यावर हे दोघे म्हणतात, तुझ्या वैभवात एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव. बाकीचे दहा त्यांच्यावर चिडले. मला तर वाटतं, त्या दहांच्या मनातही तीच खुर्ची असावी. आपल्या मंडळ्यांत पंचकमिटीच्या निवडणुका होतात, मिशनच्या जुन्या जागांवरून भांडणं होतात, भाऊ भावाला कोर्टात खेचतो. तेव्हा तीच उजवी-डावी खुर्ची चाललेली असते. अधिक बोलत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल.

लाभ दर वेळी पैशाचाच असतो असंही नाही. कधी कधी चांगलं कामच ख्रिस्ताच्या जागी येऊन बसतं. मला हे पंडिता रमाबाईंनी शिकवलं. रमाबाईंना आपण सुधारक म्हणून ओळखतो. संस्कृतच्या विद्वान, कलकत्त्यात 'सरस्वती' पदवी मिळालेल्या. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे, मुलगी मनोरमा हिच्यासह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग अमेरिकेत फिरून भारतातल्या विधवांसाठी मदत गोळा केली आणि 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं. शाळा चालली, मुली शिकू लागल्या. कुणीही म्हणेल, यापेक्षा सफळ ख्रिस्ती जीवन काय असणार?

आणि याच रमाबाई पुढे आपल्या साक्षीत लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. श्रोतेहो, क्षणभर थांबून विचार करा. धर्मासाठी त्यांनी किती सोसलं होतं! स्वतःच्या समाजाचा रोष ओढवून घेतला, पुण्यातल्या थोरामोठ्यांचा पाठिंबा पुढे गमावला. इतकं करून एक बाई म्हणते, मला धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता. हे जाहीरपणे लिहायला किती धैर्य लागलं असेल. संस्थेला देणग्या देणारे वाचतील, काय म्हणतील, हा हिशेब त्यांनी केला नाही.

त्यानंतरच्या रमाबाई पाहा. 1896 च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागतं, तिथे त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं. आणि त्याच सुमारास गावोगाव एक टोमणा रूढ झाला होता, तो आजही आपल्याला ऐकू येतो. हे दुष्काळातले ख्रिस्ती, पोटासाठी बाटलेले. हा टोमणा ऐकून आपण रागावतो. रागावण्याआधी मला असं म्हणावंसं वाटतं की भुकेल्याला भाकरी देणारा कधीच चुकत नाही, आणि भुकेला माणूस भाकरीकडे आला यात त्याची लाज कसली? आपल्या पणज्या-खापरपणज्या भाकरीसाठी आल्या असतील तर असतील. प्रश्न त्यांना विचारायचा नाही. पोट भरलेल्या आपल्याला विचारायचा आहे. आपण आता कशासाठी थांबलोय?

केडगावात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतलं. खेड्यातल्या बाईला वाचून कळावं, हा हेतू. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायचं काम तिथल्या बायकाच करत. ज्या मुलींना कुणी अक्षर शिकवलं नव्हतं त्यांच्या बोटांनी देवाचं वचन जुळवलं. वर्षानुवर्षं हे काम चाललं. 1921 च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, आईचा उजवा हात, संस्था पुढे चालवणारी म्हणून जिच्याकडे सगळे बघत होते. रमाबाईंनी तिच्यासाठी प्रार्थना केली नसेल का? देवासाठी एवढं केलं, त्याचं हे फळ, असं म्हणायला त्यांना जागा होती. त्या पुन्हा मेजाशी बसल्या आणि भाषांतराचं काम करत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. संपूर्ण बायबल छापून झालं ते 1924 साली, त्यांच्या पश्चात.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण तुमच्या ओळखीचं असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांना मिळालं काय? घर गेलं, नातेवाईक गेले, लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा कितीतरी वर्षं दूर राहिले. पुढे संसार पुन्हा जुळला, मिशनमध्ये मान मिळाला, पगार मिळाला, कवी म्हणून महाराष्ट्रभर नाव झालं. आणि 1917 साली, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. संन्यस्त वृत्तीनं साताऱ्याला राहिले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, जे कुणी ख्रिस्तावर प्रेम करतात ते सगळे तिथे एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा. पुढे दोनच वर्षांनी, 9 मे 1919 ला, ते गेले. दरबार काही फार वाढला नाही. जगाच्या हिशेबानं तोट्याचाच व्यवहार. पण आज आपण चर्चमध्ये पेटीच्या सुरावर त्यांची भजनं म्हणतो, तेव्हा पगार सोडून ख्रिस्त धरलेल्या माणसाचे शब्द आपल्या तोंडी असतात.

पगार घेणारा पाळक खोटा, असं मी सुचवत नाहीये. आमच्या खेड्यापाड्यांतले पाळक तुटपुंज्या पगारात सायकल हाणत दोन-तीन गावं सांभाळतात, त्यांना मी मनापासून सलाम करतो. टिळकांना जे सोडावंसं वाटलं ते त्यांचं पाचारण होतं. आपल्याला प्रत्येकाला काय सोडायचंय, हे ख्रिस्तच सांगेल. त्याला विचारायला मात्र हवं.

आता पुन्हा कफर्णहूमला. येशूनं गर्दीला सांगितलं, जीवनाची भाकर मीच आहे. लोकांना रोज भाकरी हवी होती, आणि हा स्वतःलाच देऊ करत होता. ते कुरकुरले. हे बोलणं कठीण आहे, कोण ऐकून घेणार, म्हणाले. आणि योहान सरळ लिहितो की त्या दिवसापासून शिष्यांतलेही पुष्कळ जण परत गेले. आदल्या दिवशी पाच हजार होते. येशूनं त्यांना थांबवायला आणखी भाकरी काढल्या नाहीत. एवढी मोठी मंडळी हातची जाताना पाहूनही त्यानं आपलं बोलणं सौम्य केलं नाही. त्यानं बारांकडे वळून विचारलं, तुम्हालाही जायचंय का?

पेत्राचं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात कसलीही मोठी फुशारकी नाही. आम्हाला सगळं समजलंय, असं तो म्हणत नाही. बोलणं त्यालाही कठीणच गेलं असणार. तो म्हणतो, प्रभूजी, आम्ही कोणाकडे जाणार?

या आठवड्यात सहावा अध्याय बाविसाव्या ओवीपासून शेवटपर्यंत वाचा, घरातल्या सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचा. आणि येत्या रविवारी साक्षीची वेळ आली की तुमच्या शेजारच्या बाकावर कुणी गप्प बसलं असेल, ज्याची प्रार्थना अजून ऐकली गेली नाही असं त्याला वाटतंय, तर उपासनेनंतर त्याच्याजवळ जा. त्याचा हात धरा, चहा पाजा, त्याचं ऐकून घ्या. पुढच्या भागात आपण पौलाच्या देहातल्या काट्याबद्दल बोलू. तीनदा विनंती करूनही तो काढला गेला नव्हता. तोपर्यंत, जय ख्रिस्त.