माळरान दान करताना

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यात अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्ती या भागात पुष्कळ घरांकडे अशी जमीन आहे: वीतभर मुरूम, खाली कातळ, ज्वारीसुद्धा धड येत नाही. कुणी विचारलं, की आपण म्हणतो ‘पडीक’. हा शब्दच घात करतो. राजस्थानात जैसलमेर-बाडमेरकडे देवाच्या नावानं सोडलेली ओरणं आहेत. तिथं कुऱ्हाड चालत नाही, म्हणून चिंकारा हरणाला आसरा राहिला. पण महसुली दप्तरात कित्येक ओरणांची नोंद पडीक अशीच राहिली. सौरप्रकल्प आले, विजेच्या तारा आल्या, तेव्हा देवाचं नाव पुढे करून भागलं नाही. तेव्हा वन्यजीवांसाठी माळ सोडायचा, तर कागदावर सोडावा.

मालकी न देताही ते जमतं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 36-सी कलमाखाली मालकानं स्वेच्छेनं दिलेली खासगी जमीन राज्य सरकार ‘समुदाय राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर करू शकतं. उतारा तुमच्याच नावे राहतो. मात्र व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. खासगी जमीन असेल तर समितीत मालक, वनखात्याचा आणि पंचायतीचा प्रतिनिधी असतो.

कायमचीच द्यायची असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र. दोन साक्षीदार हवेत, आणि घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या हयातीतच ते स्वीकारायला हवं. अडतं कुठं? वडिलोपार्जित जमिनीत बहिणींच्या सह्या राहिलेल्या असतात. पहाणीच्या, म्हणजे उताऱ्याच्या, 11व्या रकान्यात सोसायटीचं जुनं कर्ज निघतं. सर्वे नंबरातला तुकडाच द्यायचा असेल तर आधी त्या तुकड्याचा मोजणी नकाशा, म्हणजे 11-ई नकाशा, लागतो, तो काढलेला नसतो. आणि पत्रात नुसतं ‘पर्यावरणासाठी’ लिहू नका. ‘गवताळ माळ म्हणूनच राखावा, वृक्षलागवड करू नये’ असं स्पष्ट लिहा.

कारण दान झालं, की पहिल्याच पावसाळ्यात हौसेनं खड्डे काढतात आणि ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावतात. माळाचं याहून मोठं नुकसान नाही. चंडोल, टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. त्यांना चारी बाजूंनी दूरवर दिसायला हवं. समतल चर खणले, की कुसळी, पवन्या या गवतांची जुनी मुळं उपटली जातात. ती पुन्हा धरायला वर्षं जातात. काढायचीच असेल तर वेडी बाभूळ काढा, तीही बुंध्यासकट. वरून छाटली, की दुप्पट फुटते.

गवत कापायचं ते बी झडल्यावर, दिवाळीनंतर. तेही सगळं नाही, तिसरा हिस्सा उभा ठेवावा. हिवाळ्यात येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी उंच गवतातच रात्र काढतात. मेंढरं पूर्ण बंद केली तर मेंढपाळ शत्रू होतो आणि गवतही गच्च वाढून वणव्याला निमंत्रण मिळतं. माळाचे भाग पाडून आळीपाळीनं चारावं. कुंपण शक्यतो नकोच, हद्दीचे दगड पुरेत. तार लावावीच लागली तर खालची तार बिनकाट्याची, जमिनीपासून दीड फूट वर, म्हणजे लांडगा नि चिंकारा खालून निघून जातील.

एकटा चार एकरांचा तुकडा फारसा कामाचा नाही. तोच गावच्या गोमाळाला, म्हणजे गायरानाला, लागून असला तर मोलाचा. बागलकोटकडे यडहळ्ळीला चिंकाऱ्यांसाठी अभयारण्य आहे, पण जनावर सरकारी हद्दीत थांबत नाही.

पाणवठा बांधायची घाई नको. चिंकारा पाला आणि दवावर बराच काळ काढतो. बारमाही पाणी केलं, की आधी येतात ती गावातली कुत्री, आणि पाडसांचा फडशा तीच पाडतात.