प्रज्ञापुढचा जादा ‘ए’

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण, संपादित)

नमस्कार. वाचनालयाने मला विषय दिला तो ‘बाळाच्या नावाचं स्पेलिंग : रूढ की नव्या धर्तीचं?’ समोर काही तरुण जोडपी दिसताहेत, आणि त्यातल्या एका बाळाने माझ्याआधीच बोलायला सुरुवात केली आहे, म्हणजे विषय योग्य ठिकाणी आला. बाकी बरेचसे आजी-आजोबा आहात. तुम्ही तर हवेच होतात. बारशाला नाव आत्या ठेवते, पण स्पेलिंग हल्ली कुणाच्या तरी ओळखीतला अंकशास्त्री ठरवतो, आणि त्याला अडवायची ताकद घरात फक्त आजीकडे असते.

मी शाळेत शिकवलं आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. शाळेत मुलाचं नाव शाईने चढतं ते जनरल रजिस्टरमध्ये. लांबरुंद, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. अनुक्रमांक, नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. तिथे खाडाखोड चालत नाही. दुरुस्ती करायचीच तर लाल शाईने, आदेशाचा क्रमांक घालून, मुख्याध्यापकांच्या सहीने. त्या लाल शाईच्या नोंदी वाचल्या की कुठल्या घरात नावावरून काय काय झालं ते कळतं. माझं आजचं सगळं बोलणं त्या नोंदींमधून आलेलं आहे.

आमच्या शाळेत एक मुलगी होती. खरं नाव सांगणार नाही, आपण तिला प्रज्ञा म्हणू. जन्मदाखल्यावर मराठीत स्वच्छ ‘प्रज्ञा’ आणि इंग्रजीत आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पी-आर-ए-डी-एन-वाय-ए. इथवर सगळं ठीक. ती पाच वर्षांची असताना सारखी आजारी पडायला लागली. घरचे घाबरले, आणि घाबरलेल्या आईबापांना मी कधीच नावं ठेवणार नाही. कुणीतरी अंकशास्त्री सुचवला. त्याने बेरीज केली. त्याच्या खाल्डियन पद्धतीत पी म्हणजे आठ, आर दोन, ए एक, डी चार, एन पाच, वाय एक, ए एक. एकूण बावीस, म्हणजे दोन अधिक दोन चार. चार हा राहूचा अंक. शेवटी आणखी एक ‘ए’ लावा, तेवीस होतात, दोन अधिक तीन पाच, बुधाचा अंक. झालं. मुलीच्या नावापुढे जादा ‘ए’ चिकटला आणि पहिलीच्या प्रवेशाच्या अर्जावर वडिलांनी तोच घातला.

आता मी घरी बसून काय केलं, ते ऐका. याच अंकशास्त्रात दुसरी एक पद्धत आहे, पायथागोरसच्या नावाने चालते. तिच्यात ए ते आय एक ते नऊ, मग जे पुन्हा एकपासून, एस पुन्हा एकपासून. त्या हिशेबाने जन्मदाखल्यावरचं नाव भरतं चौतीस, म्हणजे सात. आणि जादा ‘ए’ लावला की पस्तीस, म्हणजे आठ. आठ कुणाचा? शनीचा! राहूपासून वाचवायला आणलेलं अक्षर दुसऱ्या दुकानात शनीच्या दारात नेऊन उभं करतं. यातली कुठली बेरीज त्या मुलीला लागू होती, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. तिचा आजार पुढे टॉन्सिलचं ऑपरेशन झाल्यावर थांबला.

पण अक्षर थांबलं नाही. ओळखपत्र काढायला गेली तिथे ऑपरेटरने यंत्रात इंग्रजी स्पेलिंग टाकलं आणि यंत्राने त्याचं आपोआप मराठी केलं : ‘प्रद्न्या’. द ला न, न ला य. हे तुम्हीही पाहिलं असेल, याद्यांमध्ये ‘द्न्यानेश्वर’ भेटतात. माउलींच्या नावाची ही दशा आपल्या राज्यात व्हावी, याचा मला मनापासून राग येतो. पुढे दुरुस्तीला गेली तर दुसऱ्या ऑपरेटरने आपल्या सवयीने जी-वाय घालून हिंदी पद्धतीचं ‘प्रग्या’ केलं. म्हणजे दाखला एक, शाळा दुसरी, ओळखपत्र तिसरं.

दहावीला बोर्डाचं आवेदनपत्र भरतात, मग प्री-लिस्ट येते, ती मुलांकडून तपासून सही घेतो. वर्गात मी स्वतः यादी घेऊन फिरत होते. ही मुलगी आपल्या नावावर पेन टेकवून बसली, सही करेना. म्हणाली, ‘मॅडम, यातलं माझं कुठलं?’ पंधरा वर्षांची मुलगी! शाळेच्या रजिस्टरप्रमाणे जादा ‘ए’ राहिला. बारावीनंतर प्रवेशाच्या पडताळणीत एका कार्यालयात तिची फाइल परत केली. नाव जुळत नाही. वडिलांनी प्रतिज्ञापत्र केलं, वर्तमानपत्रात जाहिरात दिली, राजपत्रात नाव छापून आणलं. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमध्ये नाव सहसा बदलता येत नाही, त्यामुळे शाळेचा दाखला जुनाच आणि सोबत राजपत्राची प्रत, अशी तिची फाइल कायमची दोन कागदांनी जाड झाली. मधल्या काळात पहिली फेरी गेली आणि हवं ते कॉलेज गेलं. मला हे आठवलं की आजही चैन पडत नाही.

यावर कुणी म्हणेल, बाई, मुळात ‘डी-एन-वाय’ हेच विचित्र, आधीच सोपं ‘जी-वाय’ लावलं असतं तर? माझं यावर ठाम मत आहे. ज्ञ आपण जसा उच्चारतो, तसा तो लिहिलेला आहे. हिंदीभाषक ‘ग्य’ म्हणतो म्हणून तो तसं लिहितो, त्याचं बरोबर आहे. आपलं आपल्या जिभेचं. ऋचंही तेच. आपण ‘रु’कडे झुकतो म्हणून आपल्याकडे आर-यू घालून ‘रुषिकेश’ लिहितात, उत्तरेत आर-आय. आता हे नाव मुळात हृषीकेश, हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश. त्याचं ऋषिकेश कधी झालं, कुणाला कळलंही नाही. रजिस्टरच्या एकाच पानावर मी ते चार तऱ्हांनी लिहिलेलं पाहिलंय. ‘सिद्धी’चं पान तर विचारूच नका. द ला ध जोडायचा, तिथे निम्म्या ठिकाणी ध ला द! दाखल्यावर तसं छापून आलं की ती मुलगी जन्मभर चुकीची सिद्धी.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं राहिली. मग मुख्य मुद्दा भरभर सांगते, कारण बोलावलंत त्यासाठीच.

नाव आधी देवनागरीत ठरवा. आपली नावाची सगळी परंपरा उच्चाराची आहे. ज्यांचा नावरस नावावर, म्हणजे जन्मनक्षत्राच्या अक्षरावरून येणाऱ्या नावावर, विश्वास आहे त्यांनीही बघावं : सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकी चार चरण, अशी एकशे आठ अक्षरं, आणि अश्विनीला चू, चे, चो, ला. ही ध्वनींची यादी आहे. ए-बी-सी-डीच्या बेरजेला तिथे जागाच नाही. जादा ‘ए’ लावून आत्याने कानात केलेलं ‘कुर्र’ बदलत नाही.

रोमन अक्षरं सव्वीस. त्यात ट आणि त, ड आणि द, न आणि ण, ल आणि ळ वेगळे दाखवायची सोय नाही. टिळकांचा ळ आपण ‘एल’नेच लिहितो आणि वाचतो बरोबर. म्हणून रोमनमध्ये संपूर्ण अचूकपणाचा हट्ट सोडा, रूढ स्पेलिंग घ्या. ते लोकांच्या हाताखालून गेलेलं असतं, ऑपरेटरच्याही.

नव्या स्पेलिंगला माझा सरसकट विरोध नाही. जिथे जादा अक्षराने उच्चार सुटतो तिथे ते जरूर घ्या. ‘आर-ए-एम-ए’ हे राम की रमा, ते परक्याला कळत नाही. रमाला शेवटी दोन ‘ए’ दिले तर मी स्वतः बाजू घेईन. आरोहीला सुरुवातीला दोन ‘ए’, तेही ठीक. ते अक्षर कानासाठी आलं की आकड्यासाठी, एवढं विचारा. परदेशी असाल तर तिथल्या शेजाऱ्याला वाचायला द्या. जर्मनीत ‘जे’चा उच्चार य होतो, तिथे जयला ‘याय’ अशी हाक आली तर दचकू नका. पण त्यासाठी जय बदलू नका, शेजाऱ्याला एकदा म्हणून दाखवा, तो शिकतो.

आणि ठरलं की एकच, सगळीकडे तेच. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव येतं, म्हणजे आईच्या नावाचं स्पेलिंगही त्याच दिवशी पक्कं करावं लागतं. माहेरचं एक, सासरचं एक, असं आता चालणार नाही. जन्म एकवीस दिवसांत नोंदवायचा असतो, पण बाळाचं नाव नंतर घालता येतं, वर्षभर विनाशुल्क. म्हणून दवाखान्यात घाईघाईने नाव सांगू नका. घरी कागदावर दोन्ही लिप्यांत लिहा, चार जणांकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि दाखला हातात आला की काउंटर सोडायच्या आधी मराठी ओळसुद्धा अक्षर अक्षर तपासा. चूक तिथल्या तिथे दाखवली तर लिहिण्यातली चूक म्हणून दुरुस्त होते. मुलगी दहावीत गेल्यावर प्रतिज्ञापत्र लागतं.

प्रश्न असतील त्यांनी नाव कागदावर लिहून आणा, मी मागच्या बाकावर थांबते आहे.