एम.ए. झालं, आता तारखा सांभाळा

(दृश्य : सकाळ. आरमोरीचं बसस्थानक. गडचिरोलीकडे निघालेली एसटी. खिडकीशी बसलेल्या मुलीच्या मांडीवर प्लास्टिकची फाईल.)

निवेदन :
गोंडवाना विद्यापीठ २०११ साली सुरू झालं आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या विद्यार्थ्यांची बरीचशी नागपूरवारी वाचली. पण एम.ए., एम.एस्सी.नंतरच्या संधी कॉलेजच्या नोटीसबोर्डावर क्वचितच दिसतात. कुठल्यातरी वेबसाइटवर काही आठवडे अर्ज सुरू असतात, मग खिडकी बंद.

(दृश्य : फाईल उघडते. एकेक कागद.)

दहावीचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमी लेयर. सगळं आहे, तरी नेटचा फॉर्म फसतो तो याच फाईलपाशी. नेट ही प्राध्यापकपदाच्या आणि संशोधन फेलोशिपच्या पात्रतेची केंद्राची परीक्षा, तिथे केंद्राचीच ओबीसी यादी चालते. जात फक्त राज्याच्या यादीत असेल, तर अर्ज खुल्या प्रवर्गातून भरावा लागतो. उलटही घडतं. राज्यात व्हीजे-एनटीत असलेल्या अनेक जाती केंद्राकडे ओबीसीत येतात. फॉर्मवर 'एनटी' शोधून सापडत नाही, म्हणून घाईत 'जनरल' भरलं जातं आणि हक्काची सवलत जाते. जेआरएफसाठी, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपसाठी, वयाची कमाल अट ३० वर्षं. ओबीसी नॉन-क्रिमी लेयर, एससी, एसटी आणि महिलांना ५ वर्षांची सूट. तेव्हा केंद्राची यादी आधी तपासा. सेतू केंद्रावर अर्ज देतानाच 'केंद्राच्या नमुन्यातला दाखला हवा' असं स्पष्ट सांगा, आणि तो १ एप्रिलनंतरचा, चालू आर्थिक वर्षातला ठेवा. लग्नानंतर आधारवरचं नाव बदललेल्या मुलींनी ते दहावीच्या नावाशी आधी ताडून घ्यावं.

(दृश्य : तालुक्याची अभ्यासिका. भिंतीवर वेळापत्रक.)

यूजीसी-नेट (बहुतेक विज्ञान विषयांची सीएसआयआर-नेट वेगळी) साधारण जून आणि डिसेंबरच्या सत्रात होते. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० चा, प्रत्येकी २ गुण, दोन्हींना मिळून ३ तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे प्रश्न कोरा सोडणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. जेआरएफ मिळाली, की पीएच.डी. करताना पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. भाषाविषय सोडले, तर पेपर इंग्रजी-हिंदीत असतो. इतिहास, राज्यशास्त्र मराठीतून शिकलेल्यांना तिथे परिभाषाच अडवते. त्यांनी सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची राज्यपातळीवरची पात्रता परीक्षाही द्यावी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ती महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं, अनेक विषयांचा पेपर मराठीतही असतो. फेलोशिप मात्र सेटमधून मिळत नाही.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. व्हिडिओ अडकलेला, गोल फिरतंय.)

केंद्र सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचे एनपीटेलचे (आयआयटींच्या उपक्रमाचे) अभ्यासक्रम शिकायला फुकट आहेत. पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. जुलैत सुरू होणारा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम संपत येतो ऑक्टोबरात. तेव्हा वरोऱ्याकडे सोयाबीनची सोंगणी, आरमोरीकडे हलक्या धानाची कापणी. घरी हात हवे असतात आणि स्वाध्याय राहून जातात. घाबरू नका. १२ पैकी सर्वोत्तम ८ स्वाध्याय धरले जातात. म्हणून पहिले आठ नेटाने सोडवा, शेतीच्या दिवसांसाठी चार शिल्लक ठेवा. स्वाध्यायाला २५ गुण, परीक्षेला ७५. उत्तीर्ण व्हायला अनुक्रमे किमान १० आणि ३० हवेतच. परीक्षा केंद्रावर जाऊन, संगणकावर द्यावी लागते. स्वाध्याय सगळे सोडवले, पण परीक्षेची वेगळी नोंदणी राहिली, ही नेहमीची चूक. मुदत संपल्यावर काही करता येत नाही. रेंज नसेल तर कॉलेजच्या वायफायवर व्हिडिओ उतरवून घ्या. काही अभ्यासक्रमांच्या व्याख्यानांचा मजकूर मराठीतही मिळतो.

(दृश्य : व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश, नाव धूसर केलेलं.)

'तीन दिवसांत पेपर प्रकाशित, प्रमाणपत्रासह.' शोधनिबंध छापून देण्याचे असे संदेश संशोधकांच्या गटांत रोज येतात. खाली ठळक अक्षरांत आयएसएसएन. हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची फक्त ओळख सांगतो, दर्जा नाही. तीन दिवसांत तज्ज्ञांकडून तपासणी होत नसते, होतं ते फक्त पैसे भरणं. यूजीसीने केअर ही मान्य नियतकालिकांची यादीही २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे 'केअर लिस्टेड' या शिक्क्यावर आता जाऊ नका. जुने अंक उघडून वाचा. एकाच अंकात मराठी कविता, कीटकशास्त्र आणि बँकिंग असेल, तर हात जोडा. पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांत प्रबंध देण्याआधी पेपर छापण्याची देशपातळीवरची सक्तीही उरलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा नियम तेवढा विचारून घ्या. त्या पैशांत नागपूरच्या ग्रंथालयाच्या चार खेपा होतात.

(दृश्य : गडचिरोली. मुलगी सेतू केंद्राच्या रांगेत. फाईलमधून जातीचा दाखला काढते.)

निवेदन :
राज्याच्या फेलोशिप वेगळ्या. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि व्हीजेएनटीसाठी नागपूरची महाज्योती. तिथे यादी राज्याची चालते, आणि दाखलाही राज्याच्याच नमुन्यातला. म्हणजे या खिडकीवर अर्ज एक नाही, दोन द्यायचे.