बावटा उतरेपर्यंत

(दृश्य: पुण्याचं शिवाजीनगर. सकाळची रहदारी. मागे दगडी मनोरा.)

बसचा कंडक्टर ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओरडतो तेव्हा उतरणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात समुद्र येत असेल असं वाटत नाही. पण हे हवामान खात्याचं ऑफिस. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथं आलं, १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, नाव चौकालाच राहिलं. घाटमाथ्याच्या अलीकडे बसून इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या अरबी समुद्रावरच्या वाऱ्यांचा हिशेब ठेवत आली आहेत.

या फिल्ममधले तिघेही पुण्याचे. एकीची नोकरी हिंजवडीत, एक कोथरूडला दातांचा डॉक्टर, तिसरे बँकेतून निवृत्त झालेले. तिघांत मिळून तीस फुटी शिडाची बोट. पावसाळाभर ती मुंबईजवळच्या एका यार्डात ताडपत्रीखाली असते. दिवाळी झाली की पाण्यात उतरते आणि दक्षिणेला निघते. जायचं कोचीला. सोबत हर्णैचे एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, आता वयानं मासेमारी सोडलेले. सगळे त्यांना काका म्हणतात. बोट तिघांची असली तरी निघायचं कधी, हे काकाच ठरवतात.

(दृश्य: नकाशावर मुंबई ते गोवा.)

कागदावर सगळं सोपं दिसतं. मुंबई ते गोवा सव्वादोनशेच्या आसपास सागरी मैल. बोट ताशी पाच मैल कापते, म्हणजे दोन दिवस आणि दोन रात्री. प्रत्यक्षात तसं जाता येत नाही. रात्री किनाऱ्यालगत मच्छीमारांची जाळी पसरलेली असतात, आणि सुकाणूत जाळं अडकलं तर अंधारात पाण्यात उतरून ते कापणार कोण? शिवाय वाऱ्याचंही स्वतःचं वेळापत्रक आहे.

हिवाळ्यात कोकणचा वारा दोन पाळ्यांत काम करतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीवरून मतलई सुटतो. दक्षिणेला जाणाऱ्याला तो डावीकडून मिळतो, हलका, पण शीड भरण्यापुरता. ऊन चढलं की तो पडतो. मग तासन्‌तास काहीच नाही. शीड लोंबकळतं, डॉक्टर इंजिन सुरू करू का म्हणून विचारतात, काका नको म्हणतात. दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो आणि बोट पाठीवर थाप बसल्यासारखी पुढे सरकते. संध्याकाळच्या आत बंदर गाठायचं. जुन्या फत्तेमारी, म्हणजे मालवाहू शिडाची गलबतं, याच दोन वाऱ्यांवर मलबारपर्यंत जायच्या.

प्रवाह मात्र उलटा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्या किनाऱ्यालगतचं पाणी हळूहळू उत्तरेकडे वाहतं. आपण खाली जायचं म्हणतो, समुद्र वर ढकलतो. वेग फार नसतो, पण दिवसाअखेर मैलांच्या हिशेबात तो दिसतो.

(दृश्य: खाडीचं तोंड. ओहोटीला उघडी पडलेली वाळू.)

खाडीत शिरायचं तर तोंडाशी वाळूचा बांध, म्हणजे भरतीची वाट बघा. भरती रात्री असेल तर सकाळपर्यंत बाहेरच नांगर टाकून डुलत बसा. एका बंदरावर कागदपत्रं तपासायला आलेल्या साहेबांना ही बोट मासेमारीची नाही आणि प्रवासीही नाही, मग आहे तरी काय, हेच ठरवता येईना. त्यात अख्खी एक भरती गेली. त्यांचं तरी काय चुकलं? असली बोट त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

विजयदुर्गला मुक्काम झाला, तोही वारा नाही म्हणून. वाघोटन खाडीत, किल्ल्याच्या आडोशाला. इथंच फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. इंग्रजांची जहाजं मुंबईहून खाली आली, तीही हिवाळ्यातच, आणि त्यांना बोलावणारे होते पुण्याचे पेशवे. पुणेकरांना समुद्राशी आपलं नातं सांगायचं असेल तर त्यात हेही येतं. बँकवाले किल्ल्याकडे बघत म्हणाले, “आपण इथं फार मोठ्यानं बोलू नये हे बरं.”

(दृश्य: निरभ्र आकाश. गुळगुळीत, लांब लाटा.)

देवगडच्या अलीकडे आकाश स्वच्छ होतं. वारा जवळजवळ नाही. तरीही बोट खालीवर होऊ लागली. लाटा लांबलांब, सावकाश येणाऱ्या, फेस नाही, आवाज नाही. हिंजवडीवाल्या बाईंना ते छान वाटलं; त्या व्हिडिओ घेत होत्या. काका मात्र उठून उभे राहिले.

“हे पाणी इथलं नाही. लांब कुठंतरी काहीतरी झालंय. देवगडात घाला.”

वादळ स्वतः पोहोचायच्या आधी त्याच्या लाटा पोहोचतात. संध्याकाळी फोनवर इशारा आला: लक्षद्वीपजवळ कमी दाबाचं क्षेत्र, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. बंदरात तीन नंबरचा बावटा लागला. बावटा म्हणायचं, पण खांबावर दिवसा चढतात ते शंकू आणि नळकांडी, रात्री दिवे. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. तीन म्हणजे बंदरालाच जोराच्या वाऱ्याचा धोका. नंबर चढत अकरापर्यंत जातात, आणि अकराचा अर्थ भलताच आहे: वेधशाळेशी संपर्कच तुटलाय.

अरबी समुद्रात वादळांचे दोन मोसम. एक मे-जूनचा, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. दिवाळीनंतर लगेच निघणारा दुसऱ्या मोसमाच्या शेपटावर पाय देऊनच निघतो. २००९ चं फयान नोव्हेंबरातलं, २०१९ चं क्यार ऐन दिवाळीच्या तोंडावरचं. खरं तर जानेवारीत निघावं. पण सुट्ट्या दिवाळीला जोडून मिळतात.

(दृश्य: देवगड बंदर. शेजारी शेजारी लागलेल्या होड्या.)

ओखी वादळाची गोष्ट इथल्या जेटीवर अजून सांगतात. २०१७ च्या डिसेंबरात केरळ आणि तामिळनाडूच्या ६८ नौका या किनाऱ्याला लागल्या, साडेनऊशेच्या वर माणसं. भाषा कुणाची कुणाला कळेना. भात आणि माशाची कढी मात्र कळली, असं सांगणारे हसतात.

आता बंदरात काम एकच, थांबणं. डॉक्टरांनी आधी नकाशे पाहिले, मग मोबाइलवर वाऱ्याचं अ‍ॅप, मग दुसरं अ‍ॅप, जे जरा बरं सांगत होतं. काका म्हणाले, “डॉक्टर, पेशंटनं दोन डॉक्टर केले की काय होतं, तुम्हालाच ठाऊक.” बाईंनी बोटीवरूनच ऑफिसच्या मीटिंगा केल्या, कॅमेरा बंद ठेवून. बँकवाल्यांनी शिडाची उसवलेली शिवण घातली आणि डिझेलचे कॅन भरून आणले. नांगराचा दोर रोज तपासला, कारण वारा फिरला की बोट फिरते आणि शेजारच्या होडीला घासते.

वादळ पश्चिमेकडं निघून गेलं. बावटा उतरला, तरी काका आणखी एक दिवस थांबले. समुद्र लगेच निवत नाही म्हणाले, आणि ते खरं होतं.

(दृश्य: मालवणचे खडक, मग वेंगुर्ला, मग मांडवीचं मुख.)

मालवणला पाण्याखालचे खडक माहीत असलेला माणूस घेतल्याशिवाय आत जायचं नाही. त्यापुढं वेंगुर्ल्याजवळचे खडक टाळले की गोव्यापर्यंत वाट सरळ आहे. खाली जावं तशी भरती-ओहोटीही लहान होत जाते: मुंबईला उधाणाला चार-पाच मीटर, कोचीला मीटरभर. वाळूच्या बांधांची धास्ती तेवढी कमी.

पणजीत सुट्ट्या संपल्या. डॉक्टर आणि हिंजवडीवाल्या बाई रात्रीच्या बसनं पुण्याला निघाले. काका आणि बँकवाले बोटीपाशी थांबलेत. कारवार, मंगळूर, कोची बाकी आहे, आणि जानेवारीत डॉक्टरांना रजा मिळते का, ते अजून ठरायचंय.