दोन चुलवाणं

[पडदा काळा. आधी फक्त आवाज: चरक्याची घरघर, चिपाडाचा तडतडाट. मग हळूहळू उजेड.]

पहाटेचे चार. शिराळा तालुका, वारणाकाठ. गाव अजून पांघरुणात आहे, पण गुऱ्हाळावर दिवस केव्हाच सुरू झालाय. चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला माणूस वाळलेलं चिपाड कवेत घेतो, आत सारतो आणि पुढची कव घ्यायला वळतो. वळून बघेपर्यंत आधीचं संपलेलं असतं.

वर काहिलीत रस खदखदतोय. भेंडीचं चिकट पाणी पडलं की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. हिरवट रस पिवळा होतो, मग तांबूस. बुडबुडे मोठे आणि जड होत जातात. गुळव्या काहिलीतला थेंबभर पाक थंड पाण्यात सोडतो आणि बोटांत त्याची गोळी वळतो. एकदा वळली, मोडली. दुसऱ्यांदा वळली, टणक झाली. "उतरा!" थर्मामीटर लावला असता तर ११८ अंशांच्या आसपास दाखवला असता. गुळव्याला त्याची गरज नाही, त्याची बोटं तेच सांगतात.

[दृश्य: धुराड्यातून ठिणग्या. मग जवळून, चुलवाणातली ज्वाळा.]

आता जरा खाली बघू. काहिलीत साखर शिजतेय हे दिसतंच, पण खाली जळतेय तीही साखरच आहे. चिपाडात सगळ्यात मोठा वाटा सेल्युलोजचा, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे हजारो मणी ओवलेली माळ. आपल्या पोटाला ती माळ तोडता येत नाही, म्हणून ऊस खाऊन आपण चोथा थुंकतो. आगीला मात्र ती तोडता येते. एका दमात. काही धग काहिलीला लागते, बाकीची धुराड्यातून आभाळात जाते.

हेच ग्लुकोज या गावात आणखी एका चुलवाणात जळतं. तिथं ज्वाळा नाही, धूर नाही आणि तापमान ३७ अंश.

[दृश्य: तालीम. पिवळा बल्ब. तांबडी माती.]

गुऱ्हाळापासून चालत दहा मिनिटांवर तालीम. मातीत ताक, तेल, लिंबू आणि हळद कालवलेली. हळद सांगलीची, हे सांगायला नकोच. पंधरा-सोळा वर्षांचं एक पोरगं लंगोट कसून जोर मारतंय. येताना त्यानं गुऱ्हाळावरून गुळाचा खडा तोंडात टाकलाय. गुळव्यानं बघितलं, आणि न बघितल्यासारखं केलं.

हा मुलूखच मातीचा. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं, पुढं ते हिंदकेसरी झाले. तालमीत आजही पहिला प्रश्न असतो खुराकाचा. दूध किती? बदाम किती? थंडाई कुणी घोटली? पण खुराक पोटात गेल्यावर त्याची ताकद होते कशी, हे कुठला वस्ताद सांगत नाही. त्यानं सांगावं अशी अपेक्षाही नाही. ते आपण बघू.

पोरगं सोबत्याला भिडलं. खडाखडी झाली आणि एकदम घिस्सा! हा झटका दोन सेकंदांचा. एवढ्यात गुळाचा खडा काही दंडापर्यंत पोचत नाही. मग हे बळ आलं कुठून?

स्नायूच्या पेशीत रोख पैसा असतो. त्याचं नाव एटीपी. पेशीतलं कुठलंही काम करायचं म्हटलं की याच नाण्यात मोजावं लागतं. पण रोकड फार थोडी. अख्ख्या शरीरातलं एटीपी गोळा केलं तरी पाव किलोच्या आत भरेल, आणि जोराच्या कामात काही सेकंदांत संपेल. त्याच्या पाठीशी क्रिएटिन फॉस्फेट नावाची दुसरी पुरचुंडी असते. ती आणखी दहाएक सेकंद निभावते. घिस्सा बसतो तो या दोन पुरचुंड्यांवर.

[दृश्य: सांगलीचा आयर्विन पूल, पहाटेचं धुकं.]

सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली वाहतुकीला खुला झाला. त्याच वर्षी एटीपी सापडलं. जर्मनीत कार्ल लोहमान यांना, आणि तिकडं अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्क आणि आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे. क्रिएटिन फॉस्फेट तर फिस्क-सुब्बाराव जोडीनं दोन वर्षं आधीच, १९२७ साली शोधलं होतं. सुब्बारावांना नोबेल मिळालं नाही. आपल्याकडं शाळेच्या भिंतीवर शास्त्रज्ञांचे फोटो लागतात, त्यात हा फोटो मी तरी कधी पाहिलेला नाही.

[दृश्य: पुन्हा तालीम. पोरगं हापशीजवळ थांबलेलं, हात गुडघ्यांवर.]

"काय रं, दम लागला व्हय?"
"नाय वस्ताद."
"मग थांबलास कशाला?"

तोवर गुळाच्या खड्याचा प्रवास सुरू झालाय. गुळातली साखर बहुतांश सुक्रोज, म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज यांची जोडगोळी. लहान आतड्याच्या भिंतीशी ती फुटते. फ्रुक्टोज मुख्यतः यकृताकडं जातं. ग्लुकोज रक्तातून फिरत स्नायूच्या दारात येतं. दार उघडायला इन्शुलिनची हाक लागते, पण स्नायू कामाला लागला की तो स्वतःहूनही दारं उघडतो. मधुमेह झालेल्या आपल्या काकांना डॉक्टर रोज चालायला का सांगतात, त्याचं एक कारण हे.

ग्लुकोज आत आलं की पेशी पहिली गोष्ट करते ती त्याच्या गळ्यात फॉस्फेटचं लोढणं अडकवण्याची. पळकुट्या गुराला अडकवतात तसं. आता त्याला परत दाराबाहेर पडता येत नाही. या लोढण्याला एक एटीपी खर्ची पडतं, पुढं आणखी एक. म्हणजे कमवायच्या आधीच दोन गेले. शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही, बियाणं घरातूनच जातं. दहा पायऱ्यांनंतर हाती चार एटीपी येतात, निव्वळ नफा दोन. सहा कार्बनचं ग्लुकोज मोडून तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे झालेले असतात. त्यांना पायरुवेट म्हणतात.

इथवर प्राणवायूचा संबंधच आला नाही. म्हणून घाईत हा रस्ता कामी येतो. पण घाई फार झाली की पायरुवेट साठतं आणि त्याचं लॅक्टेट होतं.

लॅक्टेटची बदनामी तालमीतच नाही, जिममध्येही फार. नवं पोरगं पहिल्या दिवशी दोनशे बैठका मारतं, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना भिंत धरतं, आणि सगळे म्हणतात, "लॅक्टिक ॲसिड साठलंय." तसं नसतं. लॅक्टेट तास-दोन तासांत रक्तातून निघून जातं. काही हृदयात जळतं, काही यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज होऊन परत येतं. हा फेरा कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्यानं दाखवला. दुसऱ्या दिवशी ठणकतं ते स्नायूच्या धाग्यांना सवयीबाहेरच्या कामानं झालेल्या बारीक इजांमुळं. औषध तेच, वस्तादाचं: उद्या परत ये.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची पेशी. लांबट, वळ्यावळ्यांच्या तंतुकणिका.]

खरी कमाई पुढं आहे, तंतुकणिकेत. इंग्रजीत जिला मायटोकॉन्ड्रिया म्हणतात ती. एकेका पेशीत या शेकड्यांनी असतात, कधी हजारांनी. फार पूर्वी हा स्वतंत्र जिवाणू होता, दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथलाच झाला. आजही तिचा स्वतःचा डीएनए आहे, आणि तो आपल्याला आईकडून येतो. वडिलांकडून नाही.

पायरुवेट इथं येऊन एका चक्रात पडतं. हान्स क्रेब्स या जर्मन ज्यू डॉक्टरची १९३३ साली नोकरी गेली. नाझी आले होते. तो इंग्लंडात गेला आणि १९३७ साली शेफील्डमध्ये, कबुतराच्या छातीचा स्नायू किसून, त्यानं हे चक्र जुळवलं. कबुतर का? कारण उडणाऱ्या पाखराच्या छातीचं मांस इंधन फार जोरात जाळतं. 'नेचर'कडं लेख पाठवला, तर उत्तर आलं की आमच्याकडं पत्रांची गर्दी झालीय. लेख दुसरीकडं छापून आला. १९५३ साली त्याच कामाला नोबेल मिळालं.

चक्रात कार्बन सुटा होऊन कार्बन डायऑक्साइड बनतो. पोरगं आत्ता धापा टाकत जे बाहेर सोडतंय त्यात काल शेतात उभा असलेला ऊस आहे, हे अक्षरशः खरं आहे. पण ऊर्जा? ती अजून नाण्यात आलेली नाही. ती आहे इलेक्ट्रॉनांत, आणि ते आता एका साखळीवर सोपवले जातात.

[दृश्य: कोयना धरण, शिवाजीसागर. दरवाजांवरून कोसळणारं पाणी.]

यासाठी शेजारच्या सातारा जिल्ह्यात जावं लागेल. कोयनेचं धरण, साठा १०५ टीएमसी. हे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, पोफळीच्या बाजूला उतरवतात आणि डोंगरातल्या वीजघरांत जनित्रं फिरवतात. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉट. यातली गोम अशी की धरणात पाणी नुसतं साठवून वीज होत नाही आणि नुसतं वाहूनही होत नाही. एका बाजूला उंची लागते, दुसऱ्या बाजूला उतार आणि मध्ये भिंत.

तंतुकणिकेची आतली त्वचा ही ती भिंत. इलेक्ट्रॉन साखळीवरून पायरी पायरीनं खाली येतात, आणि प्रत्येक पायरीवर सुटलेली थोडी थोडी ऊर्जा वापरून प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेतलेले हायड्रोजन, भिंतीपलीकडं उपसले जातात. लिफ्ट इरिगेशनचं पाणी उपसतात तसे. पलीकडं प्रोटॉनांचा फुगवटा येतो. विजेचा दाब व्होल्टच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढाच, पण भिंत इतकी पातळ, की मीटरच्या हिशेबात तो तीन कोटी व्होल्ट भरतो. हवेत ठिणगी पडायला याच्या दहाव्या हिश्शाएवढा ताणही पुरतो.

मग प्रोटॉन परत येतात, पण एकाच वाटेनं. त्या वाटेवर टर्बाइन आहे. हे उपमेपुरतं म्हणत नाही, ते खरोखर गरगर फिरतं, सेकंदाला शंभराहून जास्त फेरे. एका फेऱ्यात तीन एटीपी पडतात. १९९७ साली जपानी संशोधकांनी त्याला एक चमकणारा धागा बांधला आणि तो फिरताना सूक्ष्मदर्शकातून बघितला.

ही धरणाची कल्पना पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६१ साली मांडली तेव्हा बहुतेकांनी ती उडवून लावली. प्रकृती बिघडली म्हणून त्यांनी विद्यापीठ सोडलं, कॉर्नवॉलमधली एक जुनी हवेली दुरुस्त करून तिथंच प्रयोगशाळा थाटली. १९७८ साली त्यांना नोबेल मिळालं.

आणि प्राणवायू? आपल्याला वाटतं तो साखरेला थेट जाळत असेल, चुलवाणातल्यासारखा. तसं नाही. तो साखळीच्या अगदी शेवटच्या पायरीवर उभा असतो आणि खाली आलेले थकलेले इलेक्ट्रॉन झेलतो. त्यातून पाणी होतं. झेलणारा नसला की वरची सगळी रांग तुंबते, टर्बाइन थांबतं. श्वास कोंडला की मिनिटांत जीव जातो तो याच्यामुळं.

[दृश्य: तालमीतलं पोरगं. गार हवेत पाठीतून वाफ निघतेय.]

एका ग्लुकोजमागं तीस-बत्तीस एटीपी. जुन्या पुस्तकांत अडतीस लिहिलेलं सापडेल, नंतरच्या मोजमापात आकडा उतरला. चुलवाणात एका झटक्यात सुटणारी ऊर्जा इथं वीस-बावीस पायऱ्यांवर, बारीक बारीक हप्त्यांनी उचलली जाते. बिलाचे हप्ते म्हटलं की आपल्या ऊस उत्पादकाचं डोकं फिरतं, आणि ते रास्तच आहे. पेशीला मात्र एकरकमी परवडत नाही. सगळी ऊर्जा एकदम सुटली तर पेशीचंच चिपाड होईल.

तरी निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन जातेच. या पाठीवरची वाफ ती हीच. हवेत थंडी असताना अंग गरम राहतं तेही तिच्यावर. आणि पाव किलोच्या आतलं ते एटीपी दिवसभरात इतक्या वेळा मोडून पुन्हा जोडलं जातं, की हिशेब लावला तर दिवसाचं एकूण साधारण आपल्या वजनाइतकं भरतं. पोरगं झोपलं तरी हे थांबत नाही.

[दृश्य: दुपार. गुऱ्हाळ. काहील रिकामी. ढेपा ओळीनं.]

दुपारी बाराला गुऱ्हाळ शांत. चरक्याजवळ एका बादलीत सकाळचा तळाला उरलेला रस तसाच राहून गेलाय. वर फेस आलाय, बारीक बुडबुडे फुटताहेत. खाली चुलवाण नाही, तरी रस उकळल्यासारखा.

१८९७ साली एदुआर्द बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं असाच फेस बघितला. त्यानं यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून, त्याचा रस काढला होता. एकही जिवंत पेशी त्यात उरली नव्हती. तो रस नासू नये म्हणून त्यानं त्यात साखर घातली, आपण मुरांब्यात घालतो तशी. नासणं राहिलं बाजूला, रस फसफसू लागला. तोवर लोक धरून चालले होते की आंबणं हे जिवंत पेशीचंच काम. बुखनरच्या भांड्यात जिवंत काही नव्हतं, फक्त पेशीतली हत्यारं होती, विकरं, आणि ती एकटीच साखर मोडत होती. पोराच्या दंडात ज्या दहा पायऱ्या बघितल्या, त्याच पायऱ्या. शेवटी फक्त लॅक्टेटऐवजी दारू.

गुळव्या बादली उचलतो, नाकाशी नेतो, तोंड वाकडं करतो.

"आंबला."

आणि बांधापलीकडच्या उसाच्या बुडख्यात ओतून देतो.