नजर आणि लक्ष

श्रोतेहो, नमस्कार. समोरच्या एखाद्या ठिकाणावर नजर रोखून धरा आणि डोळे जराही न हलवता, अगदी कडेला असलेल्या एखाद्या वस्तूकडे लक्ष द्या. थोड्या प्रयत्नाने हे जमते. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच हे पडताळून पाहिले होते. अंधाऱ्या पेटीत मांडलेली अक्षरे ते विजेच्या ठिणगीने उजळवीत. तो उजेड इतका क्षणिक असे, की तेवढ्यात डोळा वळवणे शक्यच नव्हते. तरीही, नजर मधल्या बारीक प्रकाशबिंदूवर ठेवून ज्या भागाकडे लक्ष द्यायचे त्यांनी आधी ठरवलेले असे, त्या भागातील अक्षरे त्यांना ओळखता येत.

मग डोळे आणि लक्ष यांचा संबंधच नाही असे समजावे काय? तसे मुळीच नाही. दृष्टिपटलाच्या मधोमध असलेल्या इवल्याशा खळग्यातूनच आपल्याला बारकावे दिसतात, म्हणून डोळे सेकंदाला साधारण तीन वेळा झटक्याने जागा बदलतात. या झटक्याला ‘सॅकेड’ म्हणतात. डॉइबेल आणि श्नायडर या संशोधकांनी 1996 साली दाखवले, की डोळा हलण्यापूर्वीच लक्ष त्या नव्या जागी पोहोचलेले असते. डोळे एकीकडे न्यायचे आणि त्याच क्षणी दुसरीकडचे अक्षर ओळखायचे, हे माणसाला नीट साधत नाही. थोडक्यात, लक्ष डोळ्यांवाचून जाऊ शकते, पण डोळे लक्षावाचून जात नाहीत.

इटलीचे जाकोमो रिझोलात्ती आणि त्यांचे सहकारी यांनी 1987 मध्ये मांडले होते, की लक्ष देणे म्हणजे डोळे हलवण्याची तयारीच होय, फक्त ती हालचाल प्रत्यक्षात होत नाही. या कल्पनेला मोठे बळ मिळाले ते 2003 साली. मेंदूच्या पुढच्या भागात ‘फ्रंटल आय फील्ड’ नावाचा भाग आहे. तिथे पुरेसा विद्युतप्रवाह दिला की डोळे ठराविक दिशेला वळतात. टिरिन मूर आणि कॅथरिन आर्मस्ट्राँग यांनी माकडांमध्ये तिथे इतका सौम्य प्रवाह दिला की डोळे हललेच नाहीत, पण दृश्य माहिती हाताळणाऱ्या ‘व्ही-4’ या भागातील चेतापेशी, डोळे जिकडे वळले असते त्याच जागी दाखवलेल्या आकृतीला अधिक जोमाने प्रतिसाद देऊ लागल्या. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यात केवळ सहसंबंध नाही, कारण आणि परिणाम हाती लागतात.

तरीही रिझोलात्तींची मांडणी जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. ‘फ्रंटल आय फील्ड’मध्येच काही पेशी दृश्याला प्रतिसाद देतात, तर काही प्रत्यक्ष हालचालीच्या वेळी कार्यरत होतात. नजर न हलवता लक्ष दिले जाते तेव्हा पहिल्या जाग्या असतात आणि दुसऱ्या दबलेल्या राहतात. म्हणजे भाग एकच, पेशी मात्र वेगळ्या.

मध्यमेंदूतील ‘सुपीरिअर कॉलिक्युलस’ची गोष्ट याहून विलक्षण आहे. डोळ्यांच्या हालचालींचे हे प्राचीन केंद्र माकडांमध्ये औषधाने तात्पुरते निष्क्रिय केले, तर डोळे स्थिर असतानाही लक्ष देण्याची क्षमता ढासळते. झेनॉन आणि क्राउझ्लिस यांनी 2012 मध्ये नोंदवले, की अशा वेळी मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे बाहेरच्या थरातील, पेशींवर लक्षाचा नेहमीचा परिणाम कायम होता. बाह्यक आपले काम करीत होते, तरीही माकड चुकत होते.