जड माणसांचा वेग

श्रोतेहो, नमस्कार.

वेग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं सडपातळ माणूस येतो. मॅरेथॉन पळणारा, डोंगरात सायकल मारणारा, घोड्यावरचा जॉकी, सगळे हलके. आज ज्या खेळाबद्दल बोलणार आहे, तिथं उलटा कारभार आहे. तिथं जड माणूस पुढं जातो. आणि हवासुद्धा जितकी जड तितकी बरी, म्हणून हा खेळ थंडीतही रंगतो. खेळाचं नाव स्पीड विंडसर्फिंग.

साधं विंडसर्फिंग तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. पाण्यावर एक फळी, म्हणजे बोर्ड. बोर्डवर डोलकाठी, तिला शीड, आणि ते शीड धरून उभा राहिलेला माणूस. इंजिन नाही, वल्हं नाही. 1984 पासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. आपल्या देशाच्या इबाद अलीनं 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत यात ब्राँझ मिळवलं. तो तयार झाला भोपाळच्या तलावावर. समुद्र नसलेल्या गावचा, म्हणजे आपल्या कोल्हापूरकरांसारखाच.

स्पीडच्या प्रकारात मात्र शर्यत कुणाशी लावायची नसते. एका सरळ रेघेत जेवढं जोरात जाता येईल तेवढं जायचं आणि आकडा मोजायचा. आकडा नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर, सोपं करायचं तर दुपटीला थोडं कमी. आंत्वान अल्बो नावाच्या फ्रेंच खेळाडूनं 2015 साली नामिबियातल्या ल्युडरिट्झला, मुद्दाम खणलेल्या कालव्यात, 500 मीटरच्या धावेत 53.27 नॉटचा विक्रम केला. ताशी जवळपास 99 किलोमीटर. वाऱ्यावर! आपल्याकडं पुण्याला जाताना हायवेवर एवढा काटा गेला तर मागं बसलेली मंडळी ओरडायला लागतात. तसा हायवे तरी कुठं धड आहे म्हणा, सहापदरी सहापदरी ऐकून आमचे कान किटले. असो.

हा अल्बो चांगला सहा फुटी आणि शंभर किलोच्या घरातला गडी आहे, हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

आता वजनाचा हिशेब. शीड वाऱ्यानं भरलं की ते माणसाला ओढून पाण्यात पाडायला बघतं. माणूस कमरेला पट्टा बांधतो, त्याच्या हुकात बूमची, म्हणजे शीड धरायच्या आडव्या दांड्याची, दोरी अडकवतो आणि मागं झुकून सगळं अंग त्या दोरीवर टाकतो. जितकं अंगात वजन, तितका जास्त वारा धरून ठेवता येतो. हलक्या माणसाला शीड सैल सोडावं लागतं, आणि शीड सैल सोडलं की वेग गेला. म्हणून हलकी मंडळी चक्क वजनाचं जाकीट घालून पाण्यात उतरतात.

दुसरा हिशेब हवेचा. थंड हवा जड असते. पाच अंशाची हवा आपल्या एप्रिलमधल्या पस्तीस अंशाच्या हवेपेक्षा साधारण एक दशांशानं जड. वाऱ्याचा वेग तोच, पण शीडावरचा जोर जास्त. पुन्हा सांगतो, थंड हवा जड, आणि जड हवा जोरात ढकलते. मी शाळेत चाळीस मिनिटांचा तास घेऊन हे शिकवायचो, तेव्हा पोरं खिडकीतून बाहेर बघायची. आता तीच पोरं भेटली की म्हणतात, सर, तुम्ही फार छान शिकवायचा.

तर आता माझ्या भाच्याची गोष्ट. विषय दिला रेडिओ केंद्रानं, पण खरं सांगायचं तर मी यासाठीच आलोय.

भाचा शिवाजी पेठेतला. जन्मापासून दांडगा. शाळेत पळण्याच्या शर्यतीत कायम शेवटचा. बहिणीनं मग त्याला तालमीत घातलं. पहाटे जोर-बैठका, हौद्यातली माती उकरायची, आणि येताना गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध. ताकद आली, पण चपळाई काही येईना. पट काढायला जायचा तोवर समोरचा बाजूला झालेला असायचा. त्याचे वस्ताद एकदा मला म्हणाले, “मास्तर, बैल चांगलाय तुमचा, पण हा औताचा आहे, शर्यतीचा न्हवं.” पोरानं ते ऐकलं. काही बोलला नाही. चार-पाच वर्षं तालीम केली, मग इंजिनिअरिंग, मग नोकरी, मग ऑस्ट्रेलियात मेलबर्न. तालमीतलं त्याच्याजवळ काय राहिलं, तर 104 किलो वजन आणि खाली बसून उभं राहायची सवय.

जाता जाता एक सांगतो. हल्ली गल्लोगल्ली एसी जिम झालेत. भिंतीला आरसे, आणि डब्यातली पावडर. आरशात बघून दंड फुगतात, पाय मजबूत होत नाहीत. पाय मातीत होतात. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

तिकडं ऑफिसातल्या एकानं भाच्याला विंडसर्फिंगला नेलं. वर्षभर नुसता पडला. मग तिथल्या एका क्लबाच्या स्पीडच्या टीममध्ये शिरला. ऑस्ट्रेलियात सुरू झालेली एक सांघिक स्पर्धा आहे, जीपीएस टीम चॅलेंज. प्रत्येकानं अंगावर जीपीएस बांधायचं, आपापल्या पाण्यावर धावायचं आणि आकडे पाठवायचे. दोन सेकंदांचा सर्वांत जास्त वेग, दहा सेकंदांच्या पाच धावांची सरासरी, एका सागरी मैलाची, एका तासाची, शिवाय वळसा घेऊन परत यायचा एक प्रकार. दर प्रकारात टीममधल्या पहिल्या दोघांची सरासरी धरायची, आणि महिन्याच्या महिन्याला क्रमवारी लागायची. पहिल्या दोघांचीच. बाकीच्यांचे आकडे वहीत राहतात. आपल्याकडं पेठेच्या फुटबॉल संघात बेंचवरचा पोरगाही शाहू स्टेडियमवर टाळ्या खातो, तिथं तेवढंही नाही.

मी आणि बहीण जुलैत तिकडं गेलो होतो. इथं आषाढ, राधानगरीचे दरवाजे कधी उघडतात याची चर्चा, आणि तिथं कडाक्याचा हिवाळा. आपलं सगळं उलटं तिथं. दक्षिणेच्या समुद्रावरून थंड हवेच्या लाटा येतात. आधी वायव्येकडून वारा, आणि लाट पुढं सरकली की एकदम नैर्ऋत्य-पश्चिमेकडून जोराचा. क्लबाची मंडळी त्या एका दिवसाची वाट बघत बसलेली असतात. शुक्रवारी रात्री फोन वाजायला लागले. उद्या दुपारी तीस नॉट. पहाटे अंधारात निघालो, दोन-अडीच तास आग्नेयेला, सँडी पॉइंट म्हणून गाव आहे तिथं. गाडीत डोलकाठ्या, शिडं, बोर्ड, आणि मधे मी. बहिणीनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती.

जागा मोठी अजब. समुद्राचा उथळ फाटा आत शिरलाय आणि मधे वाळूचा लांब दांडा. वारा त्या वाळूवरून येतो. वाळूला अगदी चिकटून चालवलं तर पाणी सपाट, कारण लाट उठायला वाऱ्याला अंतरच मिळत नाही. वारा वादळी आणि पाणी सपाट, स्पीडवाल्याला आणखी काय पाहिजे? पुन्हा सांगतो, नुसता वारा असून भागत नाही, खाली सपाट पाणी लागतं. आणि वाऱ्याच्या आडवं नाही, थोडं वाऱ्याबरोबर खाली उतरत जायचं, तेव्हा खरा वेग लागतो.

टीम बघून मला हसू आलं. मला वाटलं होतं विशीतली पोरं असतील. निघाले सगळे पन्नाशी-साठीचे. एक इलेक्ट्रिशियन, एक दातांचे डॉक्टर, एक निवृत्त शिक्षक. शिक्षकांशी माझं लगेच जमलं, पेन्शनवर बोलणं झालं.

मग सुरू झाला कपड्याचा सोहळा. थंडीसाठी रबराचा अंगभर सूट घालतात, वेटसूट. 104 किलोचा माणूस त्यात घालायचा म्हणजे खायचं काम नाही. पाय अडकतो, पुढं सरकत नाही. त्यावर त्यांची युक्ती आहे, पायात प्लॅस्टिकची पिशवी घालायची, मग पाय सर्रकन आत जातो. भाच्यानं खिशातून पिशवी काढली, बघतो तर महाद्वार रोडवरच्या साडीच्या दुकानाची! बहिणीनं जपून ठेवलेली. त्याच पिशवीनं आधी डावा पाय, मग उजवा, आणि मागून मी आणि दातांचे डॉक्टर पाठीची चेन ओढतोय. हातमोजे मात्र त्यानं घातले नाहीत. जाड मोज्यांनी बूमवरची पकड जाते आणि मनगटापासून कोपरापर्यंत गोळे येतात. त्यामुळं बोटं उघडी. परत आल्यावर बोटांत रक्त फिरायला लागलं की असली ठणकतात, की चांगले बापये गाडीमागं जाऊन कण्हत होते.

बारा वाजले, वारा नाही. एक वाजला, नाही. दशम्या संपल्या. इलेक्ट्रिशियननं चटणी कोरडीच खाल्ली आणि मग अर्धी बाटली पाणी प्याला. दोनच्या सुमाराला पश्चिमेचं आभाळ काळंनिळं झालं, आणि वाळू घोट्याला टोचायला लागली. पाच मिनिटांत मला सरळ उभं राहता येईना.

पहिले गेले दातांचे डॉक्टर. 68 किलोचा माणूस, वर वजनाचं जाकीट. अर्ध्या धावेत झोत आला आणि शिडानं त्यांना उचलून पुढं फेकलं. बोर्ड एकीकडं, डॉक्टर एकीकडं. उठले, हात वर करून ठीक आहे म्हणाले. मग शिक्षक गेले, बरे गेले. मग माझा भाचा.

मी वाळूच्या कडेला होतो. तो लांबून येताना दिसला आणि मी त्याला ओळखलं ते चेहऱ्यावरून नाही, पवित्र्यावरून. पुढचा पाय ताठ, मागचा गुडघ्यात मोडलेला, बूड खाली, मान पुढं. तालमीतला पवित्रा, फक्त समोर पैलवानाऐवजी वारा. झोत आला, शीड थरथरलं, आणि गडी उठायच्या ऐवजी आणखी खाली बसला. “बस! बस खाली!” मी मराठीतच ओरडत होतो, त्याला कुठलं ऐकू येतंय. माझ्यापासून दहा-पंधरा फुटांवरून गेला. पाण्याखालच्या फिनचा, म्हणजे बोर्डाखालच्या माशाच्या परासारख्या पात्याचा, बारीक शिट्टीसारखा आवाज आला, आणि तो पुढं निघून गेल्यावर पाणी माझ्या तोंडावर आलं. खारट आणि बर्फासारखं. चष्मा पुसेपर्यंत गडी टोकाला.

संध्याकाळी गाडीच्या डिकीत लॅपटॉप ठेवून सगळे आकडे उतरवायला बसले. शिक्षक, दोन सेकंदांना 40.8 नॉट. सगळ्यांनी हूं केलं. मग भाच्याचं यंत्र जोडलं. 41.3. म्हणजे ताशी साडेशहात्तर किलोमीटर! टीमची सरासरी एकदम 41 च्या वर गेली. यात गंमत अशी, की तोवर महिन्यात दोन नंबरला दातांचे डॉक्टर होते. भाच्यामुळं त्यांचाच आकडा बाहेर पडला. त्या माणसानं उठून आधी भाच्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, “तुम्ही लोक खाता तरी काय?” मी म्हटलं, चटणी तुमच्या इलेक्ट्रिशियननं संपवली.

रात्री आठला घरी पोचल्या पोचल्या भाच्यानं कोल्हापूरला फोन लावला. आपल्याकडं दुपारचे साडेतीन. वस्ताद नुकते झोपून उठलेले. हा म्हणाला, “वस्ताद, आज साडेशहात्तरच्या स्पीडनं गेलो.”

“गाडीवर?”

“न्हाई, पाण्यावर. फळीवर उभं राहून.”

“इंजन?”

“इंजन न्हाई. वारं.”

तिकडं जरा वेळ शांतता. मग वस्ताद म्हणाले, “कमरेला काय बांधलंतंस?”

यानं हुकाचा पट्टा, मांडीखालून येणाऱ्या पट्ट्या, सगळं नीट सांगितलं.

“म्हंजे लांगच की रं,” वस्ताद म्हणाले. “ती सैल ठेवू नकोस. आणि ऐक, वजन उतरवू नकोस.” फोन ठेवला.

पुढं तिथल्या फॅमिली डॉक्टरनं भाच्याला वजन कमी करायला सांगितलं, साखर वाढायला लागली म्हणून. त्यानं ऐकलं, चांगलं केलं. आता तो 92 वर आहे, आणि जोराचा वारा असला की बारा किलोचं जाकीट घालून उतरतो. बहीण म्हणते, मग उतरवलंस कशाला?

गोष्टीत वेळ गेला. आता दोन मिनिटांत आपल्याकडचं.

आपल्या हिवाळ्यात हे जमणार नाही. पौषात रंकाळ्यावर सकाळी पान हलत नाही. आपला वारा आषाढ-श्रावणातला, पश्चिमेचा. तो पन्हाळ्यावर किती लागतो हे तुम्हाला सांगायला नको. रंकाळ्यात 500 मीटरची सरळ रेघ सहज निघेल, पण फिनला जलपर्णी गुंडाळली की खेळ तिथंच संपला. दरवर्षी जलपर्णी काढतात, दरवर्षी ती परत येते, आणि दरवर्षी काढतानाचे फोटो छापून येतात. सांडपाणी थांबवल्याशिवाय ती जाणार नाही, हे पाचवीतल्या पोरालाही कळतं.

ज्यांना शिकायचंय त्यांनी गोव्याला जावं. दोना पावलाच्या बाजूला हा खेळ बऱ्याच वर्षांपासून आहे. स्पीडचा विचार लगेच करू नका. आधी रुंद बोर्ड, छोटं शीड, मंद वारा, आणि दिवसभर पडायची तयारी. पोहणं आलंच पाहिजे, आणि लाइफ जाकीट तरीही घालायचं. पाणी छातीपेक्षा खोल नको, म्हणजे पडल्यावर उभं राहून शीड पुन्हा उचलता येतं. आणि उतरण्याआधी ते वजन विचारतील, तेव्हा लाजून चार-पाच किलो कमी सांगू नका. शीड त्यावरूनच देतात.

नमस्कार.